नाबेरूची अठ्ठावन्न मतं

(दिवस मावळतीला आलेला. शेजारशेजारच्या दोन नारळांवर माडी काढायला चढलेले दोघे मेहुणे, बौरो आणि उरियाम. थोड्या वेळानं खाली येऊन उभी राहते ती तबेरा, बौरोची बायको आणि उरियामची थोरली बहीण.)

बौरो : ...आणि सातवं कारण म्हणजे तांदूळ. तांदूळ महागला, लोक चिडले, सुकाणू पक्ष हरला. इतकं सरळ आहे ते.

उरियाम : दाजी, तांदूळ तर सगळ्याच बेटांवर महागला. मग बाकीच्या बेटांवर तुमचा पक्ष कसा जिंकला?

बौरो : तिथले लोक तांदूळ कमी खातात.

उरियाम : हसवू नका हो! एका हातात कोयता आहे. पडलो तर तुमच्या बायकोचा एकुलता एक भाऊ जाईल.

बौरो : पड. पहाट पक्षाचं एक मत तरी कमी होईल.

उरियाम : उशीर झाला. मतं मोजून आठ दिवस झाले, आमचा माणूस राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलासुद्धा. आता मी पडून काय उपयोग?

बौरो : तुला मजा वाटतेय. उद्या सकाळच्या विमानानं राजधानीहून, तारावाहून, आमचा सरचिटणीस येतोय. रुआतेकी. तो काही मासे खायला येत नाहीये. मनेआबात, गावाच्या सभाघरात, सगळं बेट बसणार, म्हातारी मंडळी आपापल्या जागी बसणार, आणि तो मला उभं करून विचारणार, बौरो, तू या बेटावरचा सुकाणूचा प्रमुख. सगळ्या देशात मिळून आपण सत्तेचाळीस मतांनी हरलो. सत्तेचाळीस! आणि तुझ्या त्या नाबेरू टापूच्या एका पेटीतून अठ्ठावन्न मतं पलीकडे गेली. ती का गेली ते सांग.

उरियाम : अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न. एकही चुकलं नाही.

बौरो : माझ्या आजोळची माणसं ती! माझी सख्खी काटाऊमावशी त्यात! तीस वर्षं त्या टापूवरून सुकाणूशिवाय दुसरं मत आलं नव्हतं. आता मी काय सांगू त्याला? म्हणून तीन दिवस झाले, या शेंड्यावर बसून कारणं जमवतोय.

उरियाम : शेंड्यावर कशाला? वरून देश नीट दिसतो?

बौरो : खाली तुझी बहीण आहे म्हणून.

उरियाम : हे मात्र पटलं. बरं, आठवं सांगा.

बौरो : आठवं म्हणजे शिंक.

उरियाम : हां, शिंक! ती मी स्वतः पाहिलीय.

बौरो : आमचा उमेदवार इथं आला, नाच झाला, रीतीप्रमाणे बायकांनी त्याच्या मानेवर पावडर टाकली. आता पाहुण्यानं काय करायचं? गप्प बसायचं. तर हा शहाणा रुमाल काढून पुसायला लागला.

उरियाम : पुसली कुठे, झटकली. आणि मग शिंकला. तीनदा. काटाऊमावशीच्या तोंडावर.

बौरो : ती शिंक म्हणजे कमीत कमी दहा मतं गेली बघ.

उरियाम : नाही हं दाजी, तिथं तुम्ही चुकता. मावशीनं शिंक केव्हाच माफ केली. म्हणाली, शिंकतोय म्हणजे जिवंत आहे, आधीच्या राष्ट्राध्यक्षाला कधी हलतानासुद्धा पाहिलं नव्हतं.

बौरो : मग नववं. खोबरं न्यायचं जहाज. दोन महिने आलं नाही. लोकांच्या घरात खोबऱ्याच्या गोण्या पडून राहिल्या, उंदरांनी खाल्ल्या.

उरियाम : नाबेरूवर उंदीर नाहीत.

बौरो : तू कुणाच्या बाजूनं बोलतोयस?

उरियाम : पहाटच्या! मी पहाट पक्षाचाच आहे, दाजी. विसरलात काय?

बौरो : विसरीन कसा? रोज पहाटे त्या झाडावर चढून तूच गळा काढतोस ना विजयाचं गाणं म्हणत. परवा तर कोंबड्यांनी आरवायचं सोडून दिलं.

उरियाम : माडी काढताना गाणं म्हणावंच लागतं. नाहीतर रस उतरत नाही.

बौरो : पूर्वी तू मासेमारीची गाणी म्हणायचास. तेव्हाही रस उतरायचा.

उरियाम : दहावं कारण मी देतो. तुमचं भाषण.

बौरो : माझ्या भाषणाला काय झालं? लोक रडले त्यात.

उरियाम : शेवटी रडले, दाजी. सुटका झाली म्हणून. तुम्ही सुरू केलंत तेव्हा मी खडकावर जाऊन गळ टाकला, चार मासे धरले, भाजले, खाल्ले, परत आलो, तर तुम्ही अजून एकोणीसशे एकोणऐंशी सालातच होतात.

बौरो : देशाच्या स्वातंत्र्याचा इतिहास आहे तो! मी तत्त्वाचा माणूस आहे, उरियाम. मला दोन वाक्यांत बोलता येत नाही.

उरियाम : मग सरचिटणीसाला अकरावं कारण तरी एका वाक्यात सांगा. ते एकाच वाक्याचं आहे. चाळीस घोड्यांचं, लाल झाकणाचं.

बौरो : शू! अरे हळू! खालून माणसं जातात.

उरियाम : कुणी नाहीये. सगळी मनेआबात चटया अंथरताहेत, उद्यासाठी.

बौरो : म्हणून काय झाडावरून ओरडायचं? पक्षाच्या होडीचं इंजिन होतं ते. तारावाहून खास नाबेरूच्या माणसांना मतदानाला आणण्यासाठी पाठवलेलं. आणि निवडणुकीच्या आदल्या संध्याकाळी तू माझ्या दारात येऊन मांडी घालून बसलास. तंबाखूची कांडी पुढे ठेवलीस आणि म्हणालास, दाजी, बुबुसी, इंजिन हवं.

उरियाम : माझं बंद पडलं होतं. आमची नऊ माणसं उत्तरेच्या टोकाला अडकली होती. मग मी कुणाकडे मागू? वाऱ्याकडे?

बौरो : कुणाकडेही माग, पण बुबुसी शब्द काढू नकोस! तो शब्द एकदा कानावर पडला की माणूस संपला. मग घर माग, होडी माग, अंगावरचा सदरा माग, नाही म्हणता येत नाही. तुला ते ठाऊक होतं.

उरियाम : तुम्ही म्हणालात ना नाही.

बौरो : नाही कुठे म्हणालो? इंजिन माझं नाही, पक्षाचं आहे, इतकंच म्हणालो.

उरियाम : आणि मी म्हणालो, परवाच तुम्ही भर सभेत छाती ठोकून सांगितलंत, या बेटावर पक्ष म्हणजे मी. मग मी पक्षाकडेच मागतोय.

बौरो : जीभ झडली असती तर बरं झालं असतं माझी.

उरियाम : तुम्ही दिलं नसतंत तरी चाललं असतं. दक्षिणेच्या गावातल्या तेआबोनं नाही दिलं एकाला.

बौरो : काय दिलं नाही?

उरियाम : जाळं. आमच्या आजोबांच्या काळात. मागणाऱ्याला म्हणाला, ओलं आहे.

बौरो : हो, आणि त्याच्या पणतूला अजून लोक 'ओलं जाळं' म्हणून हाक मारतात. त्याचं लग्न जमायला तीन बेटं फिरावी लागली. मला तसं नाव नको होतं. दिलं इंजिन. तू म्हणालास, सकाळी सातला आणून देतो.

उरियाम : म्हणालो खरं.

बौरो : सात वाजले, आठ वाजले, दहा वाजले. मग मी पोट दुखतंय म्हणून सांगून घरातच पडून राहिलो, दिवसभर. तोंड कुणाला दाखवणार? आणि तू काय केलंस? माझ्याच इंजिनानं, माझ्याच मावशीला, माझ्याच अठ्ठावन्न माणसांना तुझ्या होडीतून आणलंस. वाटेत गोड गोड बोलून फितवलंस. वा रे मेहुणा! सगळं बेट म्हणतंय, काय डोकं त्या उरियामचं, शत्रूची माणसं उचलून आणली! तुमच्या विजयाच्या जेवणात तुझ्या गळ्यात तीन हार पडले. आता शपथविधीला तारावाला जाणार म्हणे, नवा सदरा शिवून.

उरियाम : हार आले, घातले. गळ्यात पडलेला हार काढून टाकायचा असतो का?

बौरो : घाल, घाल. मला हाराचं काही नाही. मला आतून खातंय ते तोकिनकाकाचं.

उरियाम : त्याचं काय?

बौरो : अरे, पक्षाची होडी त्याच्या ताब्यात होती. त्या दिवशी ती वाळूतच पडून राहिली. आमची म्हातारी मंडळी त्याला विचारायला गेली, होडी का निघाली नाही? तर तो म्हणाला, मी आंबलेली माडी प्यायलो आणि झोपलो.

उरियाम : तोकिनकाका? तो तर सहा वर्षं थेंब घेत नाही! छातीत दुखलं तेव्हापासून.

बौरो : तेच म्हणतोय मी. त्या संध्याकाळी इंजिन खोलून तुझ्या होडीवर चढवायला मदत कुणी केली? त्यानंच ना? त्याला सगळं ठाऊक आहे. माझं नाव येऊ नये म्हणून त्यानं स्वतःवर घेतलं. मनेआबात पहिलं बोलायचा मान त्याच्या घराण्याचा, सात पिढ्यांपासूनचा. उद्या रुआतेकीसमोर तो काढून घेणार आहेत. दारुड्याला पहिलं बोलणं नाही म्हणून.

उरियाम : आणि तुम्ही तिथं बसून अकरा कारणं सांगणार.

बौरो : सांगणार.

उरियाम : तांदूळ आणि शिंक.

बौरो : टोचू नकोस. माझं मलाच टोचतंय. पण मी बोलू कसा? देऊन टाकलेल्या वस्तूचं नाव काढायचं? दिलं आणि बोलून दाखवलं, असा माणूस ओल्या जाळ्यापेक्षाही खालचा. शिवाय पक्षाचं इंजिन शत्रूला दिलं, हे कळलं की माझं पद गेलं. वीस वर्षं केलंय मी हे काम. दुसरं काही येत नाही मला.

तबेरा : अहो! ऐकू येतंय का?

बौरो : आली. आता बोलू नकोस.

तबेरा : मला सगळं ऐकू आलं. शिंकेपासून. वाऱ्याची दिशा तरी बघत जा. उतरा खाली, नाबेरूहून आलेय मी.

बौरो : नाबेरूहून? तू तिकडे गेली होतीस?

तबेरा : तुम्ही आठ दिवस जायचं टाळताय. कुणीतरी जायला नको का? सकाळी मावशीकडे गेले, दिवसभर बायकांबरोबर चटई विणत बसले.

बौरो : मग? मावशी काय म्हणाली? रागावलीय का फार? तोंड तरी दाखवलं का तिनं तुला?

तबेरा : टोपली पाठवलीय.

बौरो : कसली?

तबेरा : बाबाईची. कंद कुटून, नारळाच्या दुधात शिजवून, वर माडीची काकवी. लग्नघरी पाठवतात तशी, पानं लावून, फुलं खोचून.

बौरो : टोमणा आहे हा. हरलेल्याला बाबाई पाठवतात का कुणी? मेल्यावर वाजंत्री पाठवण्यातला प्रकार!

तबेरा : टोमणा नाही. तिच्या तोंडचे शब्द सांगते. म्हणाली, बौरोला सांग, त्याच्या मनात होतं तसंच केलं आम्ही. एकही मत फुटू दिलं नाही.

बौरो : माझ्या मनात काय होतं?

तबेरा : हेच मी विचारलं. तर ती हसली आणि म्हणाली, तुलाही सांगितलं नाही होय त्यानं? लाजाळू आहे पोर लहानपणापासून.

बौरो : उरियाम, तू त्यांना काय सांगितलंस? खरं बोल. नाहीतर त्या झाडावर येतो मी.

तबेरा : उर्या, बोल आता. मला अर्धं कळलंय, उरलेलं तुझ्याकडून ऐकायचंय. तुझं ते डोकं चालवलं म्हणे तू त्या दिवशी.

उरियाम : ताई, डोकं बिकं काही नाही.

तबेरा : मग?

उरियाम : सकाळी आमची नऊ माणसं आणली, उतरवली. नऊ वाजले असतील. इंजिन परत करायला दाजींकडेच निघालो होतो, आईशप्पथ. ओहोटी होती म्हणून नाबेरूला वळसा घालून आलो. बघतो तर सगळा टापू कमरेएवढ्या पाण्यात उभा. डोक्यावर फुलांचे हार, अंगाला तेल, पोरंबाळं कडेवर. दाजींच्या होडीची वाट बघत होते. मी तोंड फिरवून दुसरीकडे बघत निघालो होतो. तेवढ्यात काटाऊमावशी ओरडली.

बौरो : काय ओरडली?

उरियाम : उरियाम, बुबुसी! आम्हाला पलीकडे ने.

बौरो : अगं आई गं.

उरियाम : आता मी काय करू, सांगा! होडी ओली आहे म्हणू? सहा खेपा केल्या, दाजी. मला ठाऊक होतं, ही अठ्ठावन्न मतं सुकाणूची आहेत. माझ्या पक्षाचा पराभव मी माझ्याच होडीत भरभरून आणत होतो. सहा वेळा! घशाला कोरड पडली. दुपारचं जेवण नाही. त्या पाचव्या खेपेला तर मी रडलो.

तबेरा : ते सांगितलं मला त्यांनी. वारा लागला असेल डोळ्यांना, असं वाटलं त्यांना.

बौरो : म्हणजे तू त्यांना फितवलं नाहीस?

उरियाम : एक शब्द बोललो नाही! बोलण्यासारखी माझी अवस्था होती का? मावशीनंच विचारलं, हे बौरोचं इंजिन ना? मी म्हटलं, हो. बौरोनंच दिलं? म्हटलं, हो. झालं. खोटं बोलायचं होतं का मी? आणि मोजणीच्या दिवशी अठ्ठावन्न मतं आमच्या बाजूला पडली तेव्हा सगळ्यात जास्त धक्का मलाच बसला. लोक पाठ थोपटायला लागले. मी म्हटलं, असेल बाबा, आपलं तोंडच गोड असेल.

तबेरा : तोंड नाही. झेंडा.

उरियाम : कसला झेंडा?

तबेरा : तुझ्या होडीवर काय फडकत होतं त्या दिवशी?

उरियाम : पहाटचा झेंडा. निवडणूक होती, ताई, सगळ्यांच्या होडीवर... थांब थांब.

तबेरा : आता कळलं? मावशी पाण्यात उभी. होडी येतेय बौरोची, असं तिला वाटलं, कारण इंजिन लांबूनच ओळखू येतं, लाल झाकण. पण वर झेंडा पहाटचा आणि होडीच्या सुकाणूला हात बौरोच्या मेहुण्याचा. पलीकडे उतरल्यावर मावशीनं सगळ्यांना वाळूत बसवलं आणि म्हणाली, बायांनो, बाप्यांनो, बौरोचं मन फिरलंय. पण वीस वर्षं एका पक्षाचं खाल्लंय, आपल्याला तोंडानं सांगायला त्याला लाज वाटते. म्हणून तो स्वतः आला नाही. पोट दुखतंय म्हणून घरात बसलाय. इंजिन पाठवलंय, त्यातून काय ते समजा. शहाण्याला शब्दाचा मार, आपल्याला इंजिन पुरे. आपण त्याची लाज राखायची.

बौरो : तबेरा, तू हे आत्ता रचतेयस.

तबेरा : मला एवढं रचता आलं असतं तर मी भाषणं केली असती. त्यातल्या दोघीतिघींना सुकाणूलाच द्यायचं होतं. रडल्या म्हणे. मावशीनं समजावलं, बौरोसाठी करा.

बौरो : म्हणजे माझ्यावरच्या मायेनं... अठ्ठावन्न माणसांनी... माझा पक्ष पाडला?

उरियाम : राष्ट्राध्यक्ष बदलला, दाजी! तुमच्या शब्दासाठी! आणि तुम्ही शब्द दिलासुद्धा नव्हता!

बौरो : माझं भाषण दोन तास ऐकून कुणाचं मत हललं नाही, आणि मी घरात लोळत पडलो तर...

उरियाम : दाजी, हसू नका असे, झाड हलतंय! अहो माझंही हलतंय!

बौरो : ते हार... ते तिन्ही हार माझे होते रे!

उरियाम : शपथविधीला तुम्हीच जा! मी सदरा देतो शिवलेला!

तबेरा : धरा, धरा नीट! दोन हात लावा! हाडं मोडून घ्यायची आणि मला लेप लावायला बसवायचं, एवढंच बाकी आहे.

बौरो : पोट दुखतंय, तबेरा. आता खरंच दुखतंय.

तबेरा : हसून झालं दोघांचं?

उरियाम : जवळजवळ.

तबेरा : मग ऐका. येताना तोकिनकाकांच्या घरावरून आले. ते बाहेरच बसले होते. मला थांबवून म्हणाले, तबेरा, बौरोला निरोप दे. उद्या मीच पहिला उठणार आणि सगळ्यांसमोर सांगणार, मी प्यायलो होतो, चूक माझी. त्यानंतर बौरोनं काही बोलायचं नाही.

बौरो : असं म्हणाले?

तबेरा : म्हणाले, माझं बोलून बोलून झालंय. आता फार काही बोलायचं उरलं नाही. बौरोला चार वर्षांनी पुन्हा निवडणूक लढवायचीय.

बौरो : आणि काकी?

तबेरा : चटईची कड विणत होती. वर बघितलं नाही तिनं.

उरियाम : दाजी. काहीतरी बोला.

बौरो : काय बोलू? उद्या काका पहिले बोलणार. आमच्या घराण्याची पाळी चौथी. माझी पाळी येईपर्यंत त्यांनी सगळं अंगावर घेतलेलं असणार. मग मी उठून खरं सांगितलं तर भर मनेआबात ते खोटे ठरणार. प्यायलेला म्हणून मान जायचा तो खोटारडा म्हणून जाईल. न बोललो तर मी मेलो, बोललो तर ते मेले.

तबेरा : म्हणून मी आत्ता आलेय. उद्या येऊन काय उपयोग होता?

बौरो : उरियाम, तंबाखू आहे का तुझ्याकडे?

उरियाम : अख्खी कांडी आहे. ओढायची आहे?

बौरो : नाही. काकांच्या दारात जाऊन मांडी घालून बसतो. कांडी पुढे ठेवतो आणि म्हणतो, काका, बुबुसी. उद्याचं पहिलं बोलणं मला द्या.

तबेरा : अहो, काहीतरीच काय! सात पिढ्यांचं बोलणं कुणी मागतं का?

बौरो : आजवर मागितलं नाही कुणी. पण एका दिवसापुरतं मागतोय. आणि ते तोकिनकाका आहेत. त्यांच्या तोंडून नाही कधी निघालंय का?

उरियाम : आणि उभं राहून सांगणार काय? तुमचा तो इतिहास?

बौरो : इंजिन मी दिलं. काका प्यायले नव्हते. नाबेरूच्या लोकांनी दगा दिला नाही. बस्स.

उरियाम : बापरे. तीन वाक्यं.

बौरो : मलाही जमेल की नाही, शंका आहे.

तबेरा : पद जाईल हो.

बौरो : जाईल. रुआतेकी त्याच विमानानं घेऊन जाईल परत. तुला वाईट वाटेल?

तबेरा : मला? वीस वर्षं तुमच्या सभांना भात शिजवतेय मी. मला मेलीला कसलं वाईट वाटतंय! छान वाटेल. उतरा आता.

उरियाम : थांबा, मीही येतो. आणि उद्या आमच्या घराण्याची पाळी आली की मीही सांगणार. डोकंबिकं काही चालवलं नव्हतं, मावशीनं मागितलं म्हणून होडी वळवली, आणि पाचव्या खेपेला रडलो होतो.

बौरो : तुझे पक्षवाले तुला शपथविधीला नेणार नाहीत मग.

उरियाम : न नेऊ देत. सदरा काखेत घट्टच झालाय.

बौरो : आणि परवा नाबेरूला जाऊन मावशीला सांगायला पाहिजे. माझ्याकडे बघू नका, पुढच्या वेळी तुमच्या मनाला येईल त्याला मत द्या म्हणून.

तबेरा : सांगून बघा. तुम्ही सांगितलंत म्हणून अठ्ठावन्नजणं रांगेत बसून एकच गोष्ट मनाला आणतील.

बौरो : हे घे, माडीची बाटली धर. सांडू नकोस. आलो मी.

उरियाम : मीही आलो. ताई, बाजूला हो.

तबेरा : तोंड धुवून जा दोघं. आणि ही टोपली घ्या बरोबर.

बौरो : मावशीनं आपल्याला पाठवलेली?

तबेरा : हो, तीच. जाल तेव्हा ते जेवायलाच बसत असतील, थांबा म्हणतील. थांबा.

बौरो : अगं, बुबुसी घालायला गेलेल्या माणसानं वर जेवूनही यायचं?

तबेरा : या जेवून. आठ दिवसांत त्यांच्याकडे कुणी जेवायला गेलेलं नाही.